पाच भाकरींचा हिशेब

मागच्या हिवाळ्यात मी घरच्या वजनकाट्यावर ४५३ ग्रॅम दादर मोजली. दादर म्हणजे आमच्या खानदेशातली रब्बीची ज्वारी, काळ्या जमिनीत थंडीवर पिकणारी. ४५३ ग्रॅम म्हणजे एक पौंड. शेजारच्या घरघंटीवर दळून आणली आणि आईला भाकरी थापायला सांगितल्या. तिच्या हाताच्या अंदाजाने पाच भाकरी झाल्या आणि उरल्या पिठाची एक चानकी. मी त्या टोपल्यात एकावर एक रचल्या आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसलो.

१८७७ साली मुंबई इलाख्यात दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडणाऱ्या धडधाकट पुरुषासाठी एवढंच धान्य ठरवलं गेलं होतं. वर हातावर अर्धा आणा. मीठ, मिरची, तेल, जळण, घरातलं म्हातारं माणूस, सगळं त्या अर्ध्या आण्यात.

हे माप ठरवलं सर रिचर्ड टेंपल यांनी. तीनच वर्षांपूर्वी, १८७३-७४ मध्ये, बिहारच्या दुष्काळात याच टेंपलसाहेबांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणून लोकांना जगवलं होतं. माणसं फारशी मेली नाहीत, पण खर्च फार झाला म्हणून सरकारदरबारी आणि इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत त्यांच्यावर टीकेची झोड उठली. जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांनी त्यांना दुष्काळाची पाहणी करायला दक्षिणेत पाठवलं, तेव्हा तो ठपका त्यांच्या मनात ताजा होता. कामावरच्या मजुराला तोवर दीड पौंडाच्या आसपास धान्य मिळत होतं, ते त्यांनी एक पौंडावर आणलं. एवढ्यावर माणूस जगतो की नाही, हे प्रत्यक्षच पाहायचं ठरलं.

मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी याला कडाडून विरोध केला. कष्ट करणारा माणूस एवढ्या धान्यावर टिकणारच नाही, त्याचा देह आतून खचत जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. अखेर मद्रासेत माप पुन्हा वाढवावं लागलं. इकडे मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या मंडळींनी, सरकारकडे अर्जामागून अर्ज केले. उपाशी माणसांनी अपुऱ्या अन्नाच्या निषेधार्थ मिळतं ते अन्नही सोडून जावं, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत उरकली जाते. मला ती त्या दुष्काळातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. सरकारकडे तक्ते होते, पण आपल्या अंगातलं काय चाललंय ते फक्त त्या मजुरांना कळत होतं.

त्या वेळी खानदेशालाही झळ लागली, पण मुख्य वणवा सोलापूर, कलादगीकडे होता. आमच्या वाट्याचा मोठा घाव त्याच्या आधी आणि नंतर बसला. नोव्हेंबर १६३० मध्ये पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी सुरतेहून निघून नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा बऱ्हाणपूरला गेला. आजचे नंदुरबार, धुळे आणि जळगाव हे तिन्ही जिल्हे त्या एका वाटेवर येतात. त्याने लिहून ठेवलंय की नंदुरबारला प्रेतांमुळे लहानसा तंबू ठोकायला मोकळी जागा मिळेना. पुढे १८९९-१९०० चा दुष्काळ आला. विक्रम संवत १९५६ म्हणून गुजरातेत आणि आमच्याकडेही तो छप्पन्नचा दुष्काळ. तेव्हा खानदेश हा एकच मोठा जिल्हा होता. त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ मध्ये झाले. सातपुड्यातल्या भिल्लांचे त्या वर्षी फार हाल झाले. डोंगरातून उतरून सरकारी कामावर यायचं, तिथे काम कमी भरलं की मजुरी कापून घ्यायची, अशी ती रीत होती.

आता त्या पाच भाकरींकडे पुन्हा वळतो. ज्वारीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० कॅलरी धरल्या, तर एका पौंडात १,५८० च्या आसपास भरतात. जड काम करणाऱ्या पुरुषाला त्याच्या जवळजवळ दुप्पट लागतात. मग उरलेलं कुठून आलं?

जुन्या घरांत धान्य दोन ठिकाणी असायचं. रोजच्या वापरातलं कणगीत, आणि वाईट वर्षासाठी जमिनीखालच्या पेवात. पेवाचं तोंड फरशीने, मातीने लिंपून बंद केलेलं असे आणि ते सहजासहजी कुणी उघडत नसे. देहाची व्यवस्था पुष्कळशी तशीच आहे. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, ती कणगी. ती दिवसभरात तळाला लागते. चरबी म्हणजे पेव. एका किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी बसतात, आणि बेताच्या अंगाच्या माणसाकडेही दहा किलो चरबी असू शकते. शेतकऱ्याच्या घरात तिसरी गोष्टही असते, ती म्हणजे बैल. बैल काम करतात, पण बसून असले तरी रोज वैरण खातात. स्नायूंचं तसंच. दुष्काळ लांबला की शेतकरी जड काळजाने बैल बाजारात नेतो. देहही पेवातलं धान्य काढता काढता स्नायू विकायला काढतो. वैरणही वाचते आणि चार पैसेही येतात.

पेवात किती उरलंय हे मेंदूला कसं कळतं, याचं उत्तर मिळायला १९९४ साल उजाडलं. न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन यांनी लेप्टिन हे संप्रेरक शोधलं. चरबीच्या पेशी ते रक्तात सोडतात. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला वर्दी पोहोचते. म्हाताऱ्या शेतकऱ्याने पेवाच्या फरशीवर बोटं वाजवून आवाजावरून माप ओळखावं, तशी ही वर्दी. मग हुकूम सुटतात: भूक वाढव, अंगातली ऊब कमी कर, थायरॉइडचं काम मंद कर, बाईची पाळी थांबव. दुष्काळानंतर नऊ-दहा महिन्यांनी जन्मांची संख्या खाली जाते, हे इंग्रजी अमदानीतल्या जन्म-मृत्यूच्या नोंदींतही दिसतं. त्यामागे ताटातूट, स्थलांतर असतंच, पण ही आतली वर्दीही असते.

टेंपल यांच्या मापाची खरी परीक्षा नकळत अमेरिकेत झाली, तीही सदुसष्ट वर्षांनी. नोव्हेंबर १९४४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवक घेतले. युद्धात बंदूक धरायला नकार दिलेले हे तरुण होते. युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे कळावं म्हणून त्यांनी स्वतःला उपाशी ठेवून घेतलं. चोवीस आठवडे त्यांना रोज सरासरी १,५७० कॅलरी मिळाल्या. एक पौंड ज्वारीएवढ्याच. दगड फोडायचे नव्हते, आठवड्याला बावीस मैल चालायचं होतं. तरी त्यांचं वजन जवळपास पाव हिश्शाने घटलं. विश्रांतीच्या वेळी देह जेवढी ऊर्जा वापरतो ती चाळीस टक्क्यांच्या आसपास खाली आली. नाडी मंदावली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, पायांवर सूज आली. डोक्यात अन्नाशिवाय दुसरा विचार राहिला नाही. काही जण पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागले.

त्याहून महत्त्वाचं नंतर घडलं. पुन्हा पोटभर अन्न मिळू लागलं तेव्हा चरबी आधी परतली आणि पहिल्यापेक्षाही जास्त झाली. स्नायू मागे राहिले. चांगला पाऊस झाल्यावर देहाने पहिल्यांदा पेव भरलं. बैलजोडी घ्यायला वेळ लागला.

१९७२ च्या दुष्काळात माझी आजी शिंदखेडा तालुक्यातल्या एका कामावर खडी फोडत होती. त्या दुष्काळात महाराष्ट्रात मे १९७३ मध्ये पन्नास लाखांच्या घरात माणसं सरकारी कामांवर होती. पाझर तलाव, रस्ते, नालाबंडिंग. त्यातूनच पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना कायद्यात उतरली. या वेळी माणसं १८७७ सारखी मेली नाहीत, आणि महाराष्ट्राने त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण भूक होती. आजी मिलोबद्दल बोलायची. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना तडकायची आणि खाताना घशाखाली उतरायची नाही. कामावर सुकडी वाटायचे, ती आजी पदरात बांधून घरी आणायची, धाकट्या दिरासाठी. आणि ती गरोदर होती. माझी आई १९७३ च्या पावसाळ्यात जन्मली.

आजी ज्या अन्नावर ते काम करत होती, त्याच अन्नाबद्दल पुढच्या दहा वर्षांत पुण्यात एक मोठा वाद झाला. दोन्ही बाजूंना मराठी माणसं, दोन्ही संख्याशास्त्राचे पंडित, आणि दोघांनाही गरिबाच्या पोटाची खरीखुरी काळजी.

वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २,२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्याला झेपत नाही तो गरीब, ही त्यांची रेषा. त्या रेषेखाली १९६०-६१ मध्ये खेड्यांतले ४० टक्के आणि शहरांतले ५० टक्के लोक येत होते. या मोजमापालाच पां. वा. सुखात्मे यांनी हात घातला. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे सुखात्मे लंडनला शिकले, दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत त्यांनी काम केलं, मग संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा सांख्यिकी विभाग रोममध्ये सुमारे वीस वर्षं सांभाळला आणि नंतर पुण्यात येऊन राहिले. त्यांचा प्रश्न अगदी साधा होता. एकच माणूस, तेच काम, तेच वजन. तरी तो एका आठवड्यात जास्त खातो, दुसऱ्या आठवड्यात कमी. मग त्याची गरज म्हणजे नक्की कोणता आकडा?

कॅलिफोर्नियातले शेल्डन मार्गेन यांच्याबरोबर त्यांनी ब्रिटिश सैन्यातल्या जवानांच्या खाण्याच्या आणि कष्टाच्या नोंदी पुन्हा तपासल्या. त्यांचा निष्कर्ष असा की ऊर्जेचा तोल देह स्वतः सांभाळतो. एका मर्यादेपर्यंत अन्न कमी आलं तर तो तेच अन्न जास्त काटकसरीने वापरतो, आणि त्यात आरोग्याची हानी होत नाही. ही मर्यादा सरासरी गरजेच्या सुमारे सत्तर टक्क्यांपर्यंत खाली जाते. हे मान्य केलं तर उपाशी लोकांचा आकडा एकदम निम्म्यावर येतो. दांडेकरांनी इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीतून याला उत्तर दिलं. श्रीमंत माणूस एखाद्या आठवड्यात कमी जेवतो तो त्याच्या मर्जीने, गरीब वर्षानुवर्षं कमी जेवतो तो नाइलाजाने. हे दोन आकडे एका पारड्यात घालता येत नाहीत, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. वाद अनेक अंकांत रंगला. १९८२ मध्ये सुखात्मे यांनी पुण्यातून संपादित केलेल्या ग्रंथात डेव्हिड सेकलर यांनी तर मांडलं की भारतातली कितीतरी बुटकी, हडकुळी माणसं लहान असली तरी निरोगीच आहेत. पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन त्यावर संतापले आणि त्यांनी ते लिहूनही दाखवलं.

२,२५० चे सत्तर टक्के काढले तर १,५७५ येतात. ही आकडेमोड माझी आहे, सुखात्मे यांची नाही, आणि खडी फोडणाऱ्याला एवढं पुरेल असं ते कधीही म्हणाले नाहीत. त्यांची रेषा लोकसंख्येच्या मोजणीसाठी होती. शिवाय नुसतं धान्य ओतून काही होणार नाही, स्वच्छ पाणी आणि संडास नसतील तर खाल्लेलं अंगी लागत नाही, हे ते कळकळीने सांगत होते आणि त्यात ते बरोबर होते. देह काटकसर करतो हेही त्यांचं म्हणणं खरं निघालं. लेप्टिनचा शोध लागायच्या बारा वर्षं आधी त्यांनी केवळ आकड्यांतून ते ओळखलं होतं. चूक झाली ती एका शब्दात. ही काटकसर फुकट होते असं त्यांनी धरलं. खर्चाची नोंद त्याच माणसाच्या खात्यावर शोधली तर ती सापडत नव्हती, कारण ती पुढच्या पिढीच्या खात्यावर पडत होती.

हे खातं उघडलं तेही पुण्यातच. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना एक गोष्ट छळत होती: त्यांच्याकडे येणारे मधुमेही तरुण होते आणि पाश्चात्त्य पुस्तकांच्या मापाने बारीक होते. इंग्लंडात डेव्हिड बार्कर आणि निक हेल्स यांनी १९९२ मध्ये मांडलं होतं की गर्भात उपासमार झालेलं मूल काटकसरीच्या घडणीचं होतं आणि पुढे भरपूर अन्न मिळालं की मधुमेहाकडे झुकतं. याज्ञिकांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत अभ्यास सुरू केला. तरुण स्त्रियांची मापं गर्भ राहण्याच्या आधीच घेतली, मग गरोदरपणात आणि मग बाळं जन्मल्या जन्मल्या. या स्त्रियांचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होतं. त्या शेतात राबत होत्या. जास्त कष्ट करणाऱ्या आईचं बाळ लहान, हेही नोंदींत दिसलं. बाळं सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडातल्या साउथॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची होती.

पुण्याच्या बाळांच्या दंडाचा घेर कमी, पोटाचा घेर कमी, म्हणजे स्नायू कमी आणि यकृतासारखे आतले अवयवही लहान. पण खांद्याच्या पात्याखालची कातडी चिमट्यात धरून मोजली, तर तिथली चरबी इंग्लंडच्या बाळाच्या तुलनेत फारशी कमी नव्हती. नाळेच्या रक्तातलं लेप्टिनही तिथल्या बाळांइतकंच. बैल विकलेले, पेव राखलेलं. याज्ञिकांनी २००३ मध्ये या बाळाला नाव दिलं ते बारीक-लठ्ठ बाळ अशा अर्थाचं. पुढच्या वर्षी लॅन्सेटमध्ये त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२.

जेवल्यावर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायू उचलतात. बैलच नसतील तर गाडी रस्त्यातच उभी राहते, साखर रक्तात फिरत राहते. पेव पोटाभोवती, यकृतात वाढत जातं. मग पाटाचं पाणी, ठिबक, केळीचे पैसे, घरोघर मोटारसायकल, रोजची शेवभाजी आणि गव्हाची पोळी येते. दुष्काळासाठी बांधलेलं घर सुगीत सापडतं.

या घडणीचं मूळ शतकानुशतकांच्या दुष्काळांनी निवडलेल्या जनुकांत आहे, असं जेम्स नील यांनी १९६२ मध्ये सुचवलं होतं. मंडीच्या वाटेवरचं खानदेश आठवलं की ते पटकन पटतं. पण ते सिद्ध झालेलं नाही, आणि मला गर्भातला पुरावा जास्त भक्कम वाटतो. पुण्यातच उंदरांच्या पन्नास पिढ्या अपुऱ्या अन्नावर वाढवल्या गेल्या. २०१५ मध्ये आनंदवर्धन हार्डीकर, याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं की त्यांना नंतर दोन पिढ्या पोटभर अन्न दिलं तरी मधुमेहाकडचा कल गेला नाही. तसंच, पुण्याच्या खेड्यांतल्या दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. म्हणजे १८७७ पासून आपण धान्याचे पौंड आणि कॅलरी मोजत आलो, आणि हे जीवनसत्त्व ज्यातून मिळतं त्या दुधाची मोजणीच राहून गेली. आजीच्या पदरातही सुकडी होती, दूध नव्हतं.

१९९३ च्या अभ्यासातली बाळं आता स्वतः आईबाप होत आहेत. ती वयात येत असतानाच त्यांना बी-१२ देऊन पुढच्या बाळांत काही फरक पडतो का, हे पाहण्याचा प्रयोग २०१२ मध्ये सुरू झाला. त्यांच्या बाळांच्याही पात्याखालची कातडी पुन्हा तोच चिमटा धरून मोजली गेली.

माझ्या आईला एकोणचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला. वजन ४८ किलो. जळगावच्या एका दवाखान्यात तिला आधी सांगितलं गेलं की एवढ्या बारीक बाईला साखर कशी असेल, रिपोर्ट पुन्हा करा. पुन्हा केला. तसाच आला. एका घरावरून सिद्धांत काढता येत नाही, आणि १९७३ च्या उन्हाळ्याने हे केलं असं मी कुणाला शपथेवर सांगू शकत नाही. आजीला कधी मधुमेह झाला नाही. ती ऐंशी वर्षं जगली आणि शेवटपर्यंत सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर जेवायला बसायची.

त्या दिवशी भाकरी थापून झाल्यावर आईने हात धुतले, फ्रीजमधून इन्सुलिनचं पेन काढलं आणि खाटेवर बसली. साडीची कड थोडी सैल करून तिने पोटाची कातडी चिमटीत धरली. काडीसारखे हात, आणि बोटांत जाडसर वळी. सुई टोचून तिने मनातल्या मनात दहा मोजले, मग टोपल्यातली चानकी उचलून ताटात घेतली.